कोसळलेल्या माणसाजवळ कोण धावणार?

२ जानेवारी २०२३ची रात्र. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात फुटबॉलचा सामना रंगात आला होता. बफेलो बिल्स संघाचा २४ वर्षांचा बचावपटू डमार हॅमलिन याने चेंडू घेऊन धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अडवले. त्या धडकेत समोरच्याचा सगळा जोर त्याच्या छातीवर आला. दोघेही खाली पडले. हॅमलिन उठला, क्षणभर उभा राहिला आणि पाठीवर कोसळला. त्याच्या हृदयाने रक्त ढकलणे बंद केले होते.

आज हॅमलिन जिवंत आहे. नुसता जिवंत नाही, तर तो पुन्हा त्याच संघातून, त्याच जागी खेळला. या घटनेला तिकडच्या अनेकांनी चमत्कार म्हटले. आमचे म्हणणे असे की चमत्कार म्हटले की विचार थांबतो. कोणी काय केले, किती वेळात केले, ते त्याला कोणी शिकवले होते, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. आरोग्याच्या पानावर तर हेच प्रश्न आधी विचारले पाहिजेत. कारण ज्या गोष्टींनी हॅमलिनला वाचवले, त्यातल्या बऱ्याचशा आपल्या वस्तीतही होऊ शकतात.

आधी त्याचा खेळ समजून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून पळायचे असते आणि बचाव करणाऱ्यांनी त्या पळणाऱ्याला अंगाने अडवून जमिनीवर पाडायचे असते. हॅमलिनच्या जागेला ‘सेफ्टी’ म्हणतात. हा बचावाच्या सगळ्यात मागच्या फळीतला खेळाडू. पुढचे सगळे चुकले तर शेवटी त्यालाच आडवे जावे लागते. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला आणि छातीला गादी असते, तरी धडक ती धडकच.

हॅमलिन हा कृष्णवर्णीय कुटुंबातला मुलगा. त्याचा जन्म १९९८चा. पिट्सबर्गजवळचे मॅकीज रॉक्स हे त्याचे गाव, एकेकाळी कारखाने आणि रेल्वे यांवर जगलेले आणि पुढे उतरणीला लागलेले. तो लहान असताना त्याच्या वडिलांना काही वर्षे तुरुंगात काढावी लागली, हे त्यानेच सांगितले आहे. मुलगा खेळात पुढे आला तेव्हा बाहेरगावच्या मोठमोठ्या विद्यापीठांनी त्याला बोलावले. त्याने घराजवळचे पिट्सबर्ग विद्यापीठ निवडले, कारण धाकट्या भावाच्या डोळ्यांसमोर राहायचे होते. तिथून पदवी घेऊन २०२१ साली तो व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीला उभा राहिला. त्या वर्षी सगळ्या संघांनी मिळून २५९ खेळाडू निवडले. त्यात हॅमलिनचा क्रमांक २१२वा. म्हणजे तो काही गाजलेला तारा नव्हता. पहिल्या वर्षी तो बहुतेक राखीवच होता. दुसऱ्या वर्षी संघातल्या ज्येष्ठ खेळाडूच्या मानेला दुखापत झाली, तेव्हा त्याला नियमित जागा मिळाली. ती जागा त्याने मेहनतीने टिकवली होती आणि त्याच हंगामात ही रात्र आली.

नेमके झाले काय? डॉक्टरांनी पुढे तपासून निदान सांगितले, ‘कोमोशिओ कॉर्डिस’. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. हृदय विजेच्या बारीक लहरींवर चालते. प्रत्येक ठोक्यानंतर ते पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होते. या तयारीत एक अगदी छोटा क्षण असा असतो की नेमका तेव्हाच छातीवर, हृदयाच्या वर, जोराचा फटका बसला तर विजेची ती लय बिघडते. हा क्षण सेकंदाच्या काही शतांशांएवढा. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते. रक्त पुढे जात नाही, मेंदूला प्राणवायू मिळत नाही, माणूस कोसळतो. हृदयात आधी काही दोष असावाच लागत नाही. धडधाकट तरुणाला हे होऊ शकते. असे फार क्वचित घडते, पण बेसबॉलसारख्या टणक चेंडूने, हॉकीच्या चकतीने, मुठीच्या फटक्याने घडल्याच्या नोंदी आहेत. आपली मुले टणक चेंडूने क्रिकेट खेळतात, म्हणून पालकांनीही हे लक्षात ठेवावे.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण आपण सरसकट ‘अटॅक आला’ म्हणतो. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणसाच्या छातीत दुखते, घाम फुटतो, पण बहुतेक वेळा तो शुद्धीवर असतो आणि बोलू शकतो. हृदय अचानक बंद पडते तेव्हा माणूस बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. पहिल्याचे पर्यवसान दुसऱ्यात होऊ शकते. पण दुसऱ्यात हाताशी असतात ती फक्त मिनिटे. मदत मिळाली नाही तर प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

आता हॅमलिनकडे परत येऊ. तो पडला आणि काही सेकंदांत संघाचे वैद्यकीय लोक त्याच्याजवळ होते. नाडी लागत नाही हे कळताच संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी त्याची छाती दाबायला सुरुवात केली. यालाच सीपीआर म्हणतात. छाती जोराने आणि लयीत दाबली की थांबलेल्या हृदयातले रक्त हातांच्या जोरावर मेंदूपर्यंत पोहोचत राहते. मग एईडी नावाच्या यंत्राने विजेचा झटका देऊन हृदयाची बिघडलेली लय परत बसवली. हे सगळे मैदानावरच झाले. त्यानंतर त्याला रुग्णवाहिकेतून विद्यापीठाच्या रुग्णालयात नेले. तीन दिवसांच्या आत तो शुद्धीवर आला. तोंडात नळी होती, म्हणून कागदावर लिहून त्याने विचारले, आपण जिंकलो का? ११ जानेवारीला तो घरी जायला मोकळा झाला.

या धावपळीत काहीही ऐनवेळी सुचलेले नव्हते. अमेरिकेच्या या लीगमध्ये प्रत्येक मैदानासाठी आणीबाणीचा लेखी आराखडा असतो. त्याचा सराव केला जातो. प्रत्येक सामन्याला सुमारे ३० वैद्यकीय माणसे हजर असतात. सामना सुरू होण्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे डॉक्टर एकत्र बसतात. एईडी कुठे आहे, रुग्णवाहिका कुठे उभी आहे, श्वासनलिकेत नळी कोण घालणार, रुग्णालय कोणते, हे सगळे एकमेकांना सांगतात. कोणी खाली पडण्याच्या आधीच हे ठरलेले असते. ज्या प्रार्थना त्या रात्री मैदानावर आणि घराघरांत झाल्या, त्या प्रेमापोटी झाल्या. त्यांचा उपहास आम्ही करणार नाही. पण हृदय चालू केले ते शिकलेल्या हातांनी आणि जवळ ठेवलेल्या यंत्राने. ज्याचे श्रेय त्याला दिले, तरच दुसऱ्यांदा तसे करता येते.

त्या रात्री आणखी एक गोष्ट पसरली. हॅमलिन अजून बेशुद्ध होता, तेव्हाच मोबाईलवर संदेश फिरू लागले की हा कोरोनाच्या लशीचा परिणाम आहे. कसलाही पुरावा नव्हता. छातीवर बसलेला फटका लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता, तरी अफवा थांबली नाही. पुढे तो मैदानावर दिसला, तर हा तो नव्हेच, तोतया आहे, असेही म्हणणारे निघाले. आपल्या वस्तीतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर आरोग्याचे असले संदेश रोज येतात. पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारावे, हे कोणी तपासले आणि कसे?

आता आमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. हॅमलिन वाचला, कारण तो देशभर दिसणाऱ्या सामन्यात कोसळला. तोच तरुण, तेच हृदय, पण तो मॅकीज रॉक्सच्या एखाद्या गल्लीत कोसळला असता तर? अमेरिकेत दर वर्षी रुग्णालयाबाहेर साडेतीन लाखांच्या आसपास माणसांचे हृदय अचानक बंद पडते. त्यातली १०पैकी ९ माणसे दगावतात. आणि त्या संकटातही सगळ्यांना सारखी मदत मिळत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात २०२२ साली, म्हणजे हॅमलिन कोसळण्याच्या काही महिने आधी, एक अभ्यास आला होता. इतरांच्या डोळ्यांदेखत ज्यांचे हृदय बंद पडले, त्यांना आसपासच्या माणसांनी सीपीआर दिला का, हे त्यात पाहिले होते. घरात कोसळलेल्या गोऱ्यांपैकी ४७.४ टक्क्यांना तो मिळाला. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांना ३८.५ टक्केच. सार्वजनिक जागी तर हे अंतर आणखी वाढते, गोऱ्यांना ६० टक्के आणि या दोन समूहांना ४५.६ टक्के. दुसऱ्या एका अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळाल्याचे दिसले.

हे आकडे वाचताना घाई करू नये. रस्त्यावर माणूस पडला आहे. भोवती माणसे आहेत. पण त्याच्या छातीवर हात ठेवायला कोणी पुढे होत नाही. का होत नाही? अभ्यासक कारणे सांगतात. गरीब वस्त्यांत प्रशिक्षणाचे वर्ग होत नाहीत. वर्गाला फी असते. पोलीस मागे लागतील ही भीती असते. आणि पडलेल्याकडे पाहून मनात उमटणारा पूर्वग्रहही असतो. कोणाच्या अंगाला हात लावायचा आणि कोणाच्या नाही, हा हिशेब मरणाच्या दारातही चालू राहतो. आपल्या वाचकांना हे अधिक उलगडून सांगायची गरज नाही.

हॅमलिनच्या करिअरची एक बाजू पैशाचीही आहे. या खेळातले सगळेच खेळाडू कोट्यधीश आणि सुरक्षित असतात असे आपल्याला लांबून वाटते. हॅमलिनच्या करारात, जखमींच्या यादीत नाव गेले तर पगार कमी होईल, अशी तरतूद होती. या लीगमध्ये निवृत्तिवेतनाचा हक्क लागू व्हायला ३ हंगाम भरावे लागतात. त्याचा तो दुसराच होता. लोकांचे लक्ष होते म्हणून संघाने त्याला पूर्ण पगार द्यायचे ठरवले, असे आम्हाला वाटते. चांगलेच झाले. पण कॅमेऱ्यासमोर न कोसळणाऱ्या कामगाराचे काय? ज्याच्या देहावर धंदा चालतो, त्याच्या देहाची जबाबदारी करारातच लिहिलेली असली पाहिजे. ती मालकाच्या मोठेपणावर सोडता कामा नये.

बरा झाल्यावर हॅमलिन काय करतो, यावरून तो माणूस कळतो. २०२० साली, अजून विद्यापीठात शिकत असताना, त्याने आपल्या गावच्या मुलांना खेळणी वाटण्यासाठी निधी सुरू केला होता. अपेक्षा होती २,५०० डॉलरची. तो रुग्णालयात असताना लोकांनी त्या निधीत ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम टाकली. पुढे आपल्याला वाचवणाऱ्या सिनसिनाटीच्या डॉक्टर आणि परिचारिकांच्या नावाने त्याने तिथल्या तरुणांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनबरोबर गावोगावी सीपीआरचे वर्ग घेतले, मुलांच्या खेळसंघांना एईडी दिले. शाळांमध्ये एईडी असावेत यासाठीच्या विधेयकाच्या पाठिंब्याला तो मार्च २०२३मध्ये राजधानी वॉशिंग्टनला गेला. त्याच वर्षी एका मोठ्या क्रीडा समारंभात संघाच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरवर्गाला सेवेचा पुरस्कार त्याच्या हस्ते दिला गेला. तेव्हा त्याला रडू आवरले नाही. आपण वाचलो तर वाचवण्याची विद्या सगळ्यांपर्यंत जावी, हे त्याने धरून ठेवले. आणि खेळही सोडला नाही. १ ऑक्टोबर २०२३ला तो नियमित हंगामात परत उतरला. त्या वर्षी मोजकेच सामने मिळाले. २०२४मध्ये मात्र त्याने संघातली पहिल्या पसंतीची जागा परत कमावली आणि सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू मधल्यामध्ये झेलला. व्यावसायिक खेळात असा झेल त्याने पहिल्यांदाच घेतला होता.

आता आपल्या वस्तीकडे वळू. आपल्याकडे ३० वैद्यकीय माणसे उभी नसतात. पण घरटी माणसे असतात, आणि ती काही सेकंदांत धावून येतात. आपली गल्ली अरुंद आहे, रुग्णवाहिका आत येत नाही. म्हणूनच ती येईपर्यंतची मिनिटे आपल्या हातात आहेत. आज त्या मिनिटांत काय होते? गर्दी जमते, तोंडात पाणी ओतले जाते, कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, रिक्षा शोधली जाते. यातल्या कशानेही बंद पडलेले हृदय चालू होत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतल्याने तर श्वासनलिकेत पाणी जाते.

करायचे ते असे. माणूस कोसळला की खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, किंवा मधूनच आचके देतो आहे, तर हृदय बंद पडले असे समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाने लगेच १०८ला फोन लावावा. एकाने मुख्य रस्त्यावर जाऊन रुग्णवाहिकेला वाट दाखवावी. एकाने माणसाला कडक जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरे ताठ धरून दाबायला लागावे. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमला की दुसऱ्याने हात धरावा, पण थांबू नये. मोठ्या माणसाच्या बाबतीत तोंडाने श्वास देता आला नाही तरी चालते. आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची हीच पद्धत पुढे आणली आहे. लहान मुले आणि बुडालेली माणसे यांना श्वासही द्यावा लागतो. ते प्रशिक्षणात शिकून घ्यावे. पडलेली बाई असेल तरी हात मागे घेऊ नये. वस्तीतल्या बायकांनी तर हे आधी शिकावे, कारण दुपारी घरात त्याच असतात.

हे वाचून येत नाही, हाताने करून येते. एक रविवार, विहाराचे किंवा समाजमंदिराचे सभागृह आणि एक तास, एवढे पुरे आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयाला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला मंडळाच्या नावाने पत्र द्या, प्रशिक्षक आणि सरावाचा पुतळा मागा. शिकलेल्यांची नावे आणि फोन नंबर फलकावर लिहा. क्रिकेटचे सामने भरवणाऱ्या मंडळांनी नाणेफेकीच्या आधी ठरवावे, फोन कोण करणार, छाती कोण दाबणार, गाडी कोणती. एईडी यंत्र आपल्या वस्तीत नाही, ते महाग आहे. पण ते वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात आणि मोठ्या मैदानावर असावे, ही मागणी नगरसेवकाकडे लेखी करता येते. मॉलमध्ये येणाऱ्या माणसाचे हृदय आणि नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या माणसाचे हृदय एकाच लयीत चालते.

आम्ही खोटी आशा दाखवत नाही. सगळे बरोबर करूनही माणूस जाऊ शकतो. पुष्कळदा जातो. तरी काही न करता बसलो तर तो जाणारच, हे नक्की. हॅमलिनसाठी धावणारे लोक आधीच ठरलेले होते. आपल्या गल्लीत ते कोण असतील, हे येत्या रविवारी बसून ठरवू या. यादीत पहिले नाव आपले स्वतःचे लिहू या.